चहा, बाजार आणि वेगळा कप

आपली बैठक असो, मोर्चाची तयारी असो की एखाद्या कार्यकर्त्याच्या मयतीवरून परतणं असो, आपले पाय आधी चहाच्या टपरीकडे वळतात. अकोल्याचा बसस्टँड घ्या, अमरावतीचा इर्विन चौक घ्या, नाहीतर बडनेऱ्याचं ठेसन घ्या. दोन चहा सांगायचे, चौघांत वाटायचे आणि तासभर बोलायचं. चळवळीतले निम्मे निर्णय असेच झाले. पण ज्या कपाला आपण ओठ लावतो त्या कपाचा इतिहास आपण कधी विचारला नाही.

मागे एका शिबिरात एक पोरगा उठून म्हणाला, "दादा, हॉटेलातला वेगळा कप ही बुढ्या लोकांची गोष्ट झाली. बाजारानं जात मोडली. पैसे टाका, चहा घ्या. चहावाला कोणाची जात विचारतो?" पोरगा हुशार होता आणि खोटं बोलत नव्हता. त्यानं पाहिलं तेच सांगितलं. पण त्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं चळवळीला पुऱ्या खोट्यापेक्षा जास्त नडतं. त्या दिवशी मला त्याला नीट उत्तर देता आलं नाही. ते उत्तर म्हणून हा लेख.

आधी घरची गोष्ट सांगतो. आमचं गाव अकोला जिल्ह्यातलं, काळ्या मातीचं, कापसाचं. पन्नास-पंचावन्न साली गावच्या फाट्यावर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, चार बल्ल्या, वर टिनं, एक भट्टी आणि दोन बाकडे. हॉटेलच्या मागं निंबाचं झाड. त्या झाडाच्या फांदीला एक कप टांगलेला असायचा. कान तुटलेला, काठ टवकलेला. तो महारपुऱ्याचा कप. माझ्या बापानं जायचं, कप काढायचा, धुवायचा, लांब धरायचा. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की कप पुन्हा धुवून फांदीला. बाप ही गोष्ट सांगताना रागावत नसे. तो फक्त एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "बाबू, पैसे तो सारखेच घे. पाटलाचा बी एक आना, आमचा बी एक आना. आमचा आना गल्ल्यात टाकाले त्याले काही वाटे नाई. पन कप आमचा आमालेच धुवा लागे."

नाणं विटाळत नाही, ओठ विटाळतो. बापाच्या या हिशेबात चहाचा आपल्याकडचा इतिहास आला. हे असं कसं झालं ते पाहायचं तर जरा लांबून, थेट चीनपासून यावं लागेल.

चहा मुळात पेय नव्हता, औषध होता. चीनमध्ये शेन नुंग नावाच्या पुराणातल्या राजाची आख्यायिका आहे. हा राजा रानातल्या वनस्पती चाखून त्यांचे गुण तपासायचा, विष लागलं की चहाचा पाला त्याला उतारा म्हणून चालायचा. आख्यायिका ती आख्यायिका. पण तिच्यातून एवढं कळतं की लोकांनी चहाला आधी झाडपाल्याच्या औषधात जागा दिली. पाला उकळायचा, त्यात आलं-मीठ टाकायचं आणि काढा म्हणून प्यायचा.

या काढ्याला मान मिळवून दिला तो भिक्खूंनी. हे आपण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ध्यानाला बसायचं तर झोप आवरली पाहिजे. दुपारनंतर जेवण वर्ज्य. चहा मात्र चालायचा. त्यामुळे चीनच्या विहारांमधून चहा पसरला. आठव्या शतकात लू यू नावाच्या माणसानं चहावर जगातला पहिला ग्रंथ लिहिला, 'चा चिंग'. हा लू यू अनाथ पोर होता, विहारात एका भिक्खूनं वाढवलेला. चहाचा पहिला शास्त्रकार हा कुळाचा पत्ता नसलेला माणूस होता, ही गोष्ट आपल्या पोरांना सांगितली पाहिजे. पुढे ११९१ साली एइसाई नावाचा जपानी भिक्खू चीनमधून चहाचं बी घेऊन जपानला गेला आणि १२११ साली त्यानं चहाच्या औषधी गुणांवर पुस्तक लिहिलं. बोधिधर्माची दंतकथाही याच रस्त्यावरची. हा भिक्खू दक्षिण भारतातून चीनला गेला असं परंपरा सांगते. ध्यानात डोळा लागला म्हणून त्यानं आपल्या पापण्या कापून फेकल्या आणि त्या पडल्या तिथं चहाचं झाड उगवलं, अशी ती कथा. कथा खरी नाही. पण जागं राहण्याचं औषध म्हणजे चहा, हा तिचा अर्थ खराच आहे. आपल्या विहारात चहा सभा संपल्यावर लागतो, त्या विहारांत तो ध्यानाच्या आधी लागत होता, एवढाच फरक.

आता पश्चिमेकडे या. सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरात चहा होता. १६३८ साली मांडेल्स्लो नावाचा जर्मन प्रवासी सुरतेत आला. तिथली माणसं, डच आणि इंग्रज रोज चहा घेतात आणि पोट साफ करणारं औषध मानून घेतात, असं त्यानं लिहून ठेवलं. १६८९ साली ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री सुरतेला होता. त्यानं पाहिलं की तिथले बनिये चहात मसाला, खडीसाखर किंवा लिंबू टाकून डोकेदुखीवर, पोटातल्या कळेवर, मूतखड्यावर घेतात. म्हणजे साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी आपल्या बाजूच्या गुजरातेत चहा होता, पण तो सावकाराच्या कपाटातलं महागडं औषध होता. लंडनलाही तेच. १६६० च्या सुमारास तिथल्या एका कॉफीघरवाल्यानं जाहिरात छापली, तिच्यात चहा बारा रोगांवर चालतो असा थाट होता. बाजारात बसलेला जडीबुटीवाला जसं सांगतो तसंच.

औषधाचा माल कसा होतो ते इथून पुढे बघा. औषध माणूस आजारी पडल्यावर घेतो. माल रोज खपला पाहिजे. १६६२ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या राजाला दिली. तिच्यासोबत हुंड्यात मुंबई बेट गेलं आणि तिच्याच आवडीनं इंग्रजी दरबारात चहाची चाल पडली. मुंबई आणि चहा एकाच लग्नात इंग्रजांच्या पदरात पडले म्हणा. दरबारातून चहा सरदारांकडे, तिथून व्यापाऱ्यांकडे, आणि शे-दीडशे वर्षांत गिरणीतल्या मजुरांकडे गेला.

इंग्रजांचा चहा तेव्हा चीनमधूनच यायचा आणि चीन बदल्यात चांदी मागायचा. चांदी वाचवायला कंपनीच्या व्यापारानं आधी पश्चिम हिंदुस्थानचा कापूस चीनला नेला, मग अफू. बंगाल-बिहारची अफू कलकत्त्याहून आणि सातपुड्याच्या पलीकडची माळव्याची अफू मुंबईहून. मुंबईचे मोठमोठे शेठ या धंद्यात गबर झाले. चीनच्या सरकारनं अफू अडवली तर १८३९ ते १८४२ पर्यंत तोफा चालवून इंग्रजांनी तो बाजार उघडा ठेवला आणि वरून हाँगकाँग घेतलं. एका देशाला नशा लावून दुसऱ्या देशाची तलफ भागवली. एकाचं औषध दुसऱ्याचं विष झालं ते असं.

चीनवर अवलंबून राहणं इंग्रजाला नको होतं. आसामात चहाचं झाड रानात उगवतं आणि तिथले सिंगफो लोक ते पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, हे १८२३ साली रॉबर्ट ब्रूस नावाच्या इंग्रजाला कळलं. पुस्तकात लिहितात, ब्रूसनं चहा शोधला. सिंगफोंना जो माहीतच होता तो चहा ब्रूसनं काय शोधला? पण इतिहास लिहिणाऱ्याच्या हातात लेखणी असते. १८३९ साली आसाम कंपनी निघाली. १८६१ साली कलकत्त्यात चहाचा लिलाव सुरू झाला.

मळे निघाले, पण मजूर कुठून आणायचे? आसामची माणसं त्या मजुरीला येईनात. मग छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा, मध्य प्रांत इथून माणसं भरून नेली. उरांव, मुंडा, संथाळ, गोंड आणि गावकुसाबाहेरच्या जाती. दुष्काळात भाकरीचं आमिष दाखवायचं, करारावर अंगठा घ्यायचा आणि बोटीत कोंबायचं. १८५९ च्या कायद्यानं काम सोडणं हा गुन्हा ठरला. १८६५ च्या कायद्यानं पळालेल्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा हक्क खुद्द मळेवाल्याला मिळाला. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत नेलेल्या सुमारे पंच्याऐंशी हजार मजुरांपैकी तीस हजारांवर माणसं मेलेली किंवा पळालेली निघाली. १८८६ साली द्वारकानाथ गांगुली या बंगाली पत्रकारानं तिथं जाऊन ही गुलामी पाहिली आणि वर्तमानपत्रातून उघड केली. १९२१ साली चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून पायी घराकडे निघाले. चांदपूरच्या ठेसनावर रात्री झोपलेल्या त्या बायापोरांवर गुरखा शिपाई घातले. मळ्याचे हे कायदे संपायला १९२६ साल उजाडावं लागलं.

सिलोनात तामिळ मजूर नेले. त्यात मोठा भरणा पळ्ळर, परैयर, चक्किलियर यांचा, म्हणजे आपल्याच भाऊबंदांचा. १९४८ साली तो देश स्वतंत्र झाला आणि पहिल्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा करून या मजुरांना बिनदेशाचं करून टाकलं. पिढ्यानपिढ्या त्यांनी पानं खुडली आणि शेवटी त्यांना विचारलं, तुम्ही कोण?

तुम्ही म्हणाल, यात वऱ्हाड कुठं आलं? आलंच आहे. १८५३ साली इंग्रजानं निजामाकडून वऱ्हाड घेतलं ते इथल्या काळ्या मातीवर आणि कापसावर डोळा ठेवून. अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'ऊमरा' म्हणत. अमेरिकेत गुलामीवरून यादवी झाली, १८६१ ते १८६५, आणि तिथला कापूस अडला तेव्हा ऊमराचा भाव आभाळाला भिडला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. हा कापूस लँकेशायरला जायचा. तिथला गिरणी कामगार बारा-बारा तास उभा राहायचा आणि ब्रेडच्या तुकड्यासोबत साखर टाकलेला चहा पिऊन भूक मारायचा. आसामचा मजूर पानं खुडतो, वऱ्हाडची बाई कापूस वेचते, वेस्ट इंडिजचा काळा मजूर ऊस तोडतो आणि मँचेस्टरचा कामगार त्या चहासाखरेच्या जोरावर त्याच कापसाचं सूत काढतो. चौघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही. त्यांचा हिशेब एकाच वहीत होता.

वऱ्हाडच्या माणसाच्या तोंडात मात्र अजून चहा नव्हता. आपल्या घरी ताप-सर्दीला सुंठीचा, तुळशीचा, नाहीतर त्या सुगंधी गवताचा काढा असे. या गवताचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही, तरी आज आपण त्याला गवती चहा म्हणतो. चहा आला आणि जुन्या औषधाचंही नाव खाऊन बसला, इतका तो मुरला.

तो मुरवला गेला. मळेवाल्यांच्या मागणीवरून सरकारनं १९०३ साली चहावर उपकर बसवला. त्या पैशातून चहाचा प्रचार व्हायचा. सुरुवातीला तो परदेशासाठी होता. १९२९ नंतर जगभर मंदी आली, चहा पडून राहू लागला, १९३३ साली निर्यातीवर मर्यादा आली. मग मळेवाल्यांना घरचं गिऱ्हाईक आठवलं. ठेसनांवर चहाचे ठेले, गिरण्यांमध्ये चहा, जत्रेत-बाजारात फुकट चहा, चहा कसा करायचा याचे देशी भाषांतले फलक, पैशा-दोन पैशांच्या पुड्या. तरतरी येते, थकवा जातो, असं तेच जुनं औषधाचं बोलणं पुन्हा चालू झालं. फरक एवढाच की आता रोगी म्हणजे सगळा देश. त्याच सुमारास आसामात चहाचा पाला चिरडून त्याची दाणेदार भुकटी करणारं यंत्र निघालं. थोड्या भुकटीत जास्त कप आणि रंग कडक. ही स्वस्त भुकटी पुढे गरिबाच्या घरापर्यंत पोचली.

अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची मिल, जागोजागचे कापसाचे जीन, अशा ठिकाणी आपले लोक कामाला लागले आणि भोंग्यासोबत त्यांना चहा लागला. वेचणीच्या दिवसांत बायका पहाटे गुळाचा कोरा चहा पिऊन शेतात जातात आणि दुपारपर्यंत त्याच्यावर काढतात. इथं चहा पुन्हा औषध झाला, भुकेवरचं. पण हे औषध रोग झाकतं, बरा करत नाही. आज डॉक्टर सांगतात की जेवणासोबत चहा घेतला तर अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्या बायांच्या अंगात रक्त का नाही याची कारणं पुष्कळ आहेत, पहिलं कारण ताटात आहे. पण ताट रिकामं असताना त्याची जागा चहानं भरली, हेही खोटं नाही.

आता मूळ प्रश्नाकडे या. बाजाराला वाटत होतं, सगळ्यांनी चहा प्यावा. जातीला वाटत होतं, सगळ्यांनी सोबत पिऊ नये. या दोघांचं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालं नाही, तडजोड झाली. ठेसनावर ओरडत, 'हिंदू चहा', 'मुसलमान चहा'. रेल्वेनं एक डबा केला पण किटल्या दोन ठेवल्या. तिसऱ्याचं तर नावच नाही. महार-मांगानं ठेसनावर कोणता चहा घ्यायचा? जात लपवली तर हिंदू, सांगितली तर तहानलेला.

कपावरच एवढं का अडलं, तेही समजून घेतलं पाहिजे. भाजलेलं कोरडं धान्य सोवळ्यात चालून जातं, पाण्यानं शिजवलेलं चालत नाही. चहा म्हणजे उकळलेलं पाणीच. दुसरं असं की पितळेचं भांडं राखेनं घासून, विस्तवात तापवून शुद्ध करता येतं म्हणतात. मातीचं भांडं एकदा विटाळलं की फोडायचं. कप चिनी मातीचा. म्हणून पाटलाच्या कपाला आपला ओठ एकदा लागला की तो कप गेला. हॉटेलवाल्याला रोज कप फोडणं परवडत नव्हतं आणि गिऱ्हाईक सोडणंही परवडत नव्हतं. मग त्यानं फांदीला वेगळा कप टांगला. बाजाराला जात मोडायची गरजच पडली नाही, एका फुटक्या कपात भागलं.

वरच्या जातींमध्येही चहावरून हलकल्लोळ झालेला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशींनी शहरातली बडी मंडळी जमवली. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. मग गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कोणी म्हणे कप हातात घेतला पण प्यालो नाही. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतलं. एवढा मोठा न्यायाधीश एका कप चहापुढे वाकला. त्याच पुण्यात जोतीबांनी १८६८ सालीच आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. चहाचं हे ग्रामण्य पेटत असतानाच, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीबा गेले. बड्यांच्या या भांडणात महार-मांग कुठंच नव्हते. ते हौदाच्या बाजूला होते.

दुसरी गोष्ट कोल्हापूरची. गंगाराम कांबळे हा महार माणूस शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला फोडून काढलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामला भांडवल देऊन भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचं हॉटेल टाकून दिलं. नाव 'सत्यसुधारक'. १९२० च्या आगेमागेची ही गोष्ट. महाराच्या हॉटेलात कोण येणार? मग महाराज स्वतः घोडागाडी थांबवून तिथं चहा मागवत आणि सोबतच्या सरदारांच्या, मानकऱ्यांच्या हातातही कप देत. राजा पितोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? हॉटेल चालायला तिथं राजाची गाडी थांबावी लागली, हे शिबिरातल्या पोराला सांगायचं राहून गेलं. नुसता चहा स्वस्त आणि चांगला असता तरी गिऱ्हाईक आलं नसतं.

आपल्या वऱ्हाडात राजा नव्हता, लढाई आपल्यालाच करावी लागली. महाडच्या सत्याग्रहाच्याच वर्षी, १९२७ साली, अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. १३ नोव्हेंबर १९२७ ला इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. त्याच काळात डॉ. पंजाबराव देशमुखांनी जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून सार्वजनिक विहिरी खुल्या करायचं काम हाती घेतलं. मंदिर, विहीर आणि हॉटेल या एकाच लढाईच्या तीन जागा आहेत. फरक असा की मंदिरात वर्षातून एकदा जाणं होतं आणि हॉटेलचा अपमान रोजचा.

या लढ्यांमधून कायदा आला. १९४७ साली मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारनं अनुसूचित जातींवरची सामाजिक बंधनं दूर करणारा कायदा केला. १९५० साली राज्यघटना आली. सतराव्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली ते आपल्याला पाठ आहे. पण पंधरावं कलमही वाचा. त्यात दुकानं आणि सार्वजनिक उपाहारगृहं स्पष्ट शब्दांत घातली आहेत. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता अपराध कायदा लागू झाला. १९७६ साली त्याचंच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात सगळ्यांसाठी ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क लिहिला आहे. थांबून विचार करा. देशाच्या संसदेला कायद्यात भांडी लिहावी लागली. एवढं या देशाचं हॉटेल सरळ होतं! आपल्या बापांचा निंबाच्या फांदीवरचा कप तिथपर्यंत पोचला होता.

कायदा झाला म्हणून कप लगेच खाली उतरला नाही. आमच्या गावात तो उतरला तो धर्मांतरानंतर. बाप सांगे, पोट्टे एके दिवशी गेले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, आतल्या कपात दे. हॉटेलवाला चूप. दोन दिवस हॉटेल बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उघडलं. फांदीवरचा कप गेला होता. बाजार आपोआप बदलला नाही, बाकड्यावर कोणीतरी बसलं तेव्हा बदलला. आणि सगळीकडे बदललाही नाही. या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या ११ राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी झाली. २००६ साली तिचं पुस्तक निघालं. कितीतरी गावांत दलितांचा कप अजून वेगळाच असल्याचं त्यात नोंदलं आहे.

आता दुखरी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितली नाही तर हा लेख लबाड होईल. आमच्या घरात एक पितळी गिलास होता. तो चुलीजवळ नसे, ओसरीच्या कोनाड्यात असे. फडे-केरसुण्या घेऊन मातंग समाजाची एक बाई यायची, तिला आजी त्या गिलासात चहा द्यायची. लहानपणी मी विचारलं, "आजी, हा गिलास काऊन येगळा?" आजी म्हणाली, "ते मांगीन हाये नं बाप्पा." माझ्या बापाचा कप निंबाला टांगलेला आणि त्याच्याच मायच्या घरी कोनाड्यात दुसऱ्याचा गिलास! बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती मला पुस्तकात नंतर भेटली, आधी त्या कोनाड्यात भेटली. पुढे बापानं तो गिलास मोडीत घातला. आजी दोन दिवस बोलली नाही. ज्याला स्वतःचा कप झाडावरून उतरवायचा आहे त्यानं आपल्या घरातला गिलास आधी पाहावा.

शिबिरातला पोरगा आता म्हणेल, दादा, आता तर कागदी कप आलेत, भांडणच मिटलं. नाही मिटलं. वापरा आणि फेका. उत्तरेत मातीचं कुल्हड तोंडाला लावून फोडतात तसंच हे. कोणाच्या ओठाचा कप कोणाला धुवावा लागत नाही, म्हणून प्रश्न विचारला जात नाही. पण घरी बोलावलं की कोणत्या कपात चहा येतो? येतो की नाही? खोली भाड्यानं मागायला गेल्यावर, आडनाव सांगितल्यावर, चहा मध्येच का थांबतो? कागदी कपानं रस्त्यावरचा विटाळ झाकला, घरातला तसाच आहे. आणि तो चहा ज्यांनी खुडला त्या आसामच्या मळ्यातल्या आदिवासी बाया अजून मजुरीसाठी आणि आपल्या अनुसूचित दर्जासाठी भांडताहेत. वेचणीच्या बाईचा कापूस वजनकाट्यावर, तिचीही पानं वजनकाट्यावर. तिचं नाव पुडीवर कुठं नसतं.

म्हणून मित्रांनो, एक काम करा. आपल्या गावात ऐंशीच्या घरातले जे बुढे-बुढ्या उरल्या आहेत त्यांच्याजवळ बसा आणि चार गोष्टी विचारा. हॉटेल कुठं होतं? आपला कप कुठं ठेवलेला असे? तो कोणत्या साली गेला आणि कोण बाकड्यावर बसलं? आणि आपल्या घरात कोणाचा कप वेगळा होता? वहीत लिहून घ्या. गावाचं नाव लिहा, साल लिहा. चौथा प्रश्न चुकवू नका. हा इतिहास कोणत्या दप्तरात नाही, तो या माणसांसोबत रोज एकेक करून जळतो आहे. उद्या कोणी म्हणालं की असं काही नव्हतंच, बाजारानं सगळं आपोआप मिटवलं, तर आपल्या हातात वही पाहिजे.

आणि त्या वहीसाठी बसाल तेव्हा चहा मागवा. बुढ्याच्या हातात घरातला चांगला कप द्या, आणि तो पिऊन झाल्यावर कप तुम्ही धुवा.